ताई थांबते तितकं थांब

मी वजनकाटे दुरुस्त करते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ज्यांच्याबद्दल बोलणार आहे त्यांना ते बरेच दिवस खरंच वाटेना. त्यांच्या डोळ्यांसमोर कुठल्या तरी विद्यापीठात बसलेली, जाड चष्म्याची विदुषी होती. चष्मा जाड आहे, बाकी सगळं चुकलं. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर, चपला शिवणाऱ्याच्या आणि चाव्या करून देणाऱ्याच्या मधे माझं दुकान आहे. तिथे वाण्यांचे काटे येतात, सोनारांचे येतात, पोस्टाचे येतात. ज्याचा काटा बिघडतो तो नेहमी म्हणतो, काल अगदी बरोबर होता हो.

माझा एकच नियम आहे. ज्या काट्याचं झाकण उघडता येत नाही, त्या काट्यावर माझा विश्वास नाही. आत स्प्रिंग आहे की सेन्सर, तो मला दिसला पाहिजे. न दाखवता फक्त आकडा सांगणारी वस्तू आणि न दाखवता फक्त आश्वासन देणारा माणूस, दोघांनाही मी दुकानाबाहेर उभं करते.

अकरा वर्षांपूर्वी ताईने बाळांचा काटा माझ्याकडे आणला. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. नवजात बाळांच्या वॉर्डात तिची एकतीस वर्षं झाली, आता ती तिथली मुख्य परिचारिका आहे. सगळा वॉर्ड तिला सिस्टर म्हणतो आणि सगळा वॉर्ड तिला टरकून असतो. मीही. तेव्हा वॉर्डात नवे काटे आले होते. काट्याची वायर कॉम्प्युटरला जोडायची, बाळ ठेवायचं, कॉम्प्युटर आकडा घेणार आणि वजनाची चिठ्ठी छापणार. फक्त काट्याबरोबर आलेला प्रोग्रॅम भलताच उतावळा होता. बाळाने पाय झाडला की त्याच क्षणाचा आकडा उचलून मोकळा. ताईने काटा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, याला जरा वळण लाव.

काट्यात काहीच बिघाड नव्हता. मग मी तीन दिवस वॉर्डात एका स्टुलावर बसले, हातात स्टॉपवॉच घेऊन, आणि ताई वजन कसं करते ते बघितलं. ती बाळ ठेवते, एक हात त्याच्या अंगावर धरते पण टेकवत नाही, आणि आकड्याकडे अजिबात बघत नाही. ती पायांकडे बघते. पाय शांत झाले की मनातल्या मनात काहीतरी मोजते, मग नजर वर आणि आकडा मोठ्याने. शेजारची नर्स तोच आकडा परत म्हणते आणि मगच तो फाइलमध्ये जातो. मी चाळीसेक बाळं मोजली. पाय शांत झाल्यापासून ताईची नजर वर जाईपर्यंत दर वेळी चार सेकंद, फार तर इकडे तिकडे. तिला सांगितलं तर म्हणाली, मी काही घड्याळ लावून थांबत नाही, पुरेसं झालं की कळतं.

प्रोग्रॅम लिहिणं मी पुस्तकं वाचून आणि इतरांनी उघडे ठेवलेले प्रोग्रॅम वाचून शिकले होते. तसाच हाही लिहिला. काट्याकडून येणारे आकडे सलग चार सेकंद एका जागी राहिले तरच चिठ्ठी, नाहीतर वाट बघायची. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची एक रीत असते. मशीनसाठी लिहिलेल्या ओळीशेजारी माणसांसाठी एखादी टीप ठेवायची, मशीन ती वाचत नाही. त्या चार सेकंदांच्या ओळीशेजारी मी लिहिलं, ‘ताई थांबते तितकं थांब.’ कोण थांबतं ते लिहिलं. का थांबतं ते लिहिलं नाही. मला माहीत होतं ना, मग लिहायचं कशाला. ही चूक आमच्या जातीच्या लोकांनाच जमते. प्लंबर कधी पाइपावर ‘आत्या जाते तिकडे वळव’ असं लिहून ठेवत नाही.

मग मी तो प्रोग्रॅम इंटरनेटवर ठेवून दिला. ओपन सोर्स म्हणतात तसा. म्हणजे झाकण उघडं. कुणीही यावं, आत बघावं, फुकट घ्यावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. अट एकच, जो घेईल त्यानेही झाकण उघडं ठेवायचं. माझा नवरा शाळेत भूगोल शिकवतो. तो म्हणाला, अगं निदान कुलूप तरी लाव. मी म्हणाले, मी ज्यांचं वाचून शिकले त्यांनी लावलं असतं तर? त्यावर तो वर्तमानपत्रात शिरला.

झाकण उघडं ठेवलं की लोक आत डोकावतात, आणि डोकावणाऱ्यांचे नमुने बघण्यासारखे असतात. एकाने लिहिलं, तुमचा प्रोग्रॅम चालत नाही, ताबडतोब दुरुस्त करा. त्याने काट्याची वायरच जोडली नव्हती. एकाने विचारलं, यात कुत्र्याचं वजन का होत नाही. प्रोग्रॅमच्या चित्राचा रंग निळा असावा की हिरवा यावर अनोळखी माणसांनी तीनशे निरोप लिहून एकमेकांची अक्कल काढली, आणि त्यातल्या एकाच्याही घरी काटा नव्हता. एका विद्वानाने कळवलं की मी ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहिला ती भाषा मेलेली आहे, सगळा नव्या भाषेत लिहून काढा. मी कळवलं, मेलेलीने अकरा वर्षांत एक दिवस रजा घेतलेली नाही, जिवंत भाषेत तुम्ही लिहा, मी कौतुकाने वाचेन. तो जो गेला तो गेलाच.

या सगळ्याची मला गंमत वाटायची. हॉस्पिटलांना प्रोग्रॅम विकणारी एक कंपनी आली तेव्हा गंमत संपली.

त्यांचा पहिला मेल ‘आम्ही तुमच्या कामाचे निस्सीम चाहते आहोत’ असा सुरू झाला. मला कुणी हरभऱ्याच्या झाडावर चढवायला लागलं की मी आधी खाली शिडी कुणाच्या हातात आहे ते बघते. पाठोपाठ पार्सल आलं. त्यात एक टी-शर्ट, त्यावर ‘एकत्र येऊ, जग बदलू’ असं छापलेलं. माप असं की माझा एक दंडही आत शिरला नसता. तो आता दुकानात पितळेची वजनं पुसायला आहे, आणि त्या कामाला खरोखर चांगला आहे.

तिसऱ्या मेलमध्ये पोटातलं ओठावर आलं. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. एक, चार सेकंद थांबण्याची ओळ काढून टाकायची, कारण त्यांना आकडा झटकन हवा होता. दोन, प्रोग्रॅमच्या चाव्या. म्हणजे मूळ प्रतीत बदल करण्याचा अधिकार, जो आजवर माझ्या एकटीकडे होता. त्याबदल्यात माझं नाव ‘आद्य प्रेरणा’ म्हणून कुठेतरी लावणार होते. जिवंतपणी तसबीर.

मी उत्तर लिहिलं, ‘नाही.’

चार दिवसांनी मला नोटीस. प्रोग्रॅम जिथे ठेवतात त्या साइटवर सौजन्य समिती नावाची एक चीज आहे. तिच्याकडे माझी तक्रार गेली होती. एका शब्दाच्या उत्तरांमुळे वातावरण स्वागतशील राहत नाही, असं त्यात लिहिलं होतं. समितीने प्रेमाने सुचवलं होतं की प्रत्येक उत्तराची सुरुवात आभार मानून करावी. मी फुकट काम करते, ते फुकट घेतात, आणि वर माझा आवाज चढतो म्हणून माझ्यावर समिती. तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी समितीचं ऐकलं. कंपनीला नवं उत्तर पाठवलं, ‘धन्यवाद. नाही.’

मग त्यांनी व्हिडिओ कॉल मागितला. समोर जो माणूस आला त्याला मी पहिल्या मिनिटातच हसरा असं नाव दिलं, आणि पुढे सगळेच त्याला तेच म्हणायला लागले. वाईट माणूस नव्हता. दात छान होते, मागे भिंतीवर रोपटी होती, आणि तो प्रत्येक वाक्य माझ्या खांद्यावर हात ठेवल्यासारखं बोलायचा. मला मॅडम म्हणायचा.

“मॅडम, आजच्या काळात चार सेकंद म्हणजे फार मोठा वेळ आहे,” तो म्हणाला. “वापरणाऱ्याला थांबायला आवडत नाही.”

मी म्हणाले, वापरणारा तीन दिवसांपूर्वी जगात आलाय, त्याला कुठे घाई आहे?

तो हसला. मग त्याने सांगितलं की त्यांच्या इंजिनिअरांनी ती ओळ बारकाईने तपासली. ओळीमागे कोणतंही शास्त्रीय मानक सापडलं नाही. टिपेत कुण्या एका व्यक्तीचा उल्लेख आहे, तो संदर्भ कुठला? मी म्हणाले, माझ्या बहिणीचा. त्याने विचारलं, त्या कुठल्या संस्थेत संशोधन करतात? मी कॉल बंद केला. त्याबद्दलही समितीची नोटीस आली.

पुढच्या महिन्यात त्यांनी माझ्या प्रोग्रॅमची कॉपी केली. त्यात काही चूक नाही. झाकण मीच उघडं ठेवलं होतं, घ्या म्हणून मीच सांगितलं होतं, आता घेतलं म्हणून गळा काढणाऱ्यांतली मी नाही. त्यांनी कॉपीला एक लखलखीत नाव दिलं, ज्याचा अर्थ कुठल्याही भाषेत लागत नाही. रंग बदलले. आणि ती एक ओळ काढून टाकली, टिपेसकट. कामाची ओळ आणि तिच्या शेजारी ताई, दोघी एका फटक्यात गेल्या. ते वाचताना मात्र माझा जीव जळला. रंग बदलला याचं काही नाही, काटा वेडा केला याचं वाईट वाटलं.

तरी मी म्हटलं, मरू दे, जगात एवढे काटे आहेत, मी किती जणांच्या मागे धावू. मग एका दुपारी ताई दुकानात आली. ती कामाच्या वेळेत कधी येत नाही. माझ्या समोरच्या मोडक्या खुर्चीवर बसली, पाणी प्यायली आणि शांतपणे सांगितलं की हॉस्पिटलने कंपनीचा नवा प्रोग्रॅम घ्यायचं ठरवलंय. सगळ्या वॉर्डांत. तिने नको म्हणून लिहून दिलं होतं. त्यावर अधीक्षक बाईंनी तिला बोलावून गोड शब्दांत सांगितलं की काही जणांना बदल झेपत नाही हे त्या समजू शकतात, आणि अशांसाठी तळमजल्यावर जुन्या फाइलींच्या विभागात जागा आहे. गुरुवारी कंपनीचा माणूस वॉर्डात येऊन सगळ्यांसमोर करून दाखवणार होता. त्यानंतर ताईने एक तर होकार द्यायचा किंवा खाली जायचं.

ताईला रिटायर व्हायला दोन वर्षं होती. एकतीस वर्षं जी बाई बाळांच्या पायांकडे बघत आली, तिला फाइलींकडे बघायला पाठवणार, तेही माझ्या प्रोग्रॅमपायी. मला स्वतःचा इतका राग आला की हातातला स्क्रू कुठे गेला ते अजून सापडलेलं नाही. मी ताईला म्हणाले, तू हो म्हणून टाक. किंवा मी त्यांना चाव्या देते, त्याबदल्यात निदान तुझ्या वॉर्डात जुनं ठेवा म्हणून सांगते. तुला या वयात खाली जायला लागता कामा नये.

ताईने मला नखशिखांत बघून घेतलं. लहानपणी मी तिची वही फाडली होती तेव्हा बघितलं होतं तसं.

“तू माझ्यासाठी त्यांच्या पाया पडणार असशील तर मला सांगूच नकोस,” ती म्हणाली. “आणि गुरुवारी दहाला ये. नखं कापून ये.”

गुरुवारी मी नखं कापून गेले. वॉर्डात आम्ही सहा जण होतो. अधीक्षक बाई, मुलांचे डॉक्टर, ताई, तिची जोडीदार नर्स, मी आणि हसरा. हसऱ्याला ताईने दारातच अडवलं. बूट काढायला लावले, कोपरापर्यंत हात धुवायला लावले, एकदा पुरेसे धुतले नाहीत म्हणून परत धुवायला लावले. मनगटावरचं भारी घड्याळ काढून ट्रेमध्ये ठेवायला लावलं. त्याच्या हसण्याची पहिली पट्टी तिथेच उतरली.

तरी गडी तयारीचा होता. त्याने लॅपटॉप उघडला, काट्याची वायर जोडली, आणि स्टीलची पाण्याची बाटली काट्यावर ठेवली. डोळ्याचं पातं लवायच्या आत आकडा पडद्यावर. बाटली उचलली, पुन्हा ठेवली, तोच आकडा. अधीक्षक बाई खूश झाल्या. मग त्याने जुना प्रोग्रॅम, म्हणजे माझा, लावून तीच बाटली ठेवली. चार सेकंद पडदा कोरा. त्या शांततेत सगळ्यांसमोर उभं राहणं म्हणजे नापास झालेल्या पोराच्या आईसारखं उभं राहणं होतं. हसरा म्हणाला की त्यांच्या ऑफिसात नव्या प्रोग्रॅमची दोन हजार वेळा चाचणी झालीय आणि दोन हजार वेळा तो बरोबर निघालाय. मी विचारलं, चाचणी कशावर केली? तो अभिमानाने म्हणाला, अचूक मोजलेल्या वस्तूंवर. कागदाची रिमं, पाण्याच्या बाटल्या, प्रमाणित वजनं. त्यांच्या ऑफिसात हलणारी एकही गोष्ट नव्हती, आणि हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मग त्याने माझ्या प्रोग्रॅममधली ती ओळ मोठी करून पडद्यावर दाखवली. तीही अगदी सभ्यपणे. म्हणाला, मूळ लेखिकेबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, इथे थांबायचं का, याचं काहीही कारण लिहिलेलं नाही. अधीक्षक बाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, खरंच, का लिहिलं नाही तुम्ही?

मला उत्तर द्यायचं होतं. माझ्या डोक्यात एकदम इतकं काही आलं की तोंडातून निघालं ते फक्त ततपप. अकरा वर्षं जगभरातल्या लोकांना एका शब्दात गार करणारी मी, आणि साधं कारण सांगता येईना. कारण त्यांचं बरोबर होतं. मी लिहिलं नव्हतं.

ताईने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. अकरा वाजले होते. अकराला वजनं असतात. तिने कुणाची परवानगी मागितली नाही, फक्त खिडकीजवळच्या खाटेवरच्या आईशी दोन शब्द बोलली, आईने मान हलवली, आणि ताई बाळ घेऊन आली. दहा दिवसांचं, वेळेआधी आलेलं. हातात मावेल एवढं. नुकतं जागं झालेलं आणि सगळ्या जगावर संतापलेलं.

“तुमचा लावा,” ती हसऱ्याला म्हणाली.

त्याने लावला. ताईने बाळ काट्यावर ठेवलं, हात वर अधांतरी धरला. बाळाने दोन्ही पाय झाडले. आकडा लगेच आला. एकोणीसशे दहा ग्रॅम. ताईने बाळ उचललं, पुन्हा ठेवलं. सतराशे चाळीस. पुन्हा. अठराशे साठ. बाळ तेच, काटा तोच, आणि तीन चिठ्ठ्या छापून बाहेर आल्या होत्या, तिन्ही सुबक, तिन्हींवर कंपनीचं चिन्ह.

हसऱ्याचा चेहरा पडला, पण तो लगेच सावरला. म्हणाला, आपण तिन्हींची सरासरी काढू शकतो, तो बदल एका दिवसात करून देतो. आणि लॅपटॉपवर हिशेब करून आकडा सांगितलाही, अठराशे सदतीस. अधीक्षक बाई ताईला म्हणाल्या, तूर्त तो आकडा फाइलमध्ये घ्या सिस्टर, बाकीचं आपण नंतर बघू.

फाइलमध्ये वजनाच्या रकान्यापुढे सहीचा रकाना असतो. ताईने पेन खिशातून काढलंच नाही.

“या आकड्याखाली मी सही करणार नाही,” ती म्हणाली. “मला आत्ता तळमजल्यावर पाठवा. खाली जाईन, पण सही करणार नाही.”

आवाज चढवला नव्हता. वॉर्डात ती कधीच आवाज चढवत नाही. पण अधीक्षक बाई एक पाऊल मागे सरकल्या. मग ताई माझ्याकडे वळून म्हणाली, तुझा लाव. मी वायर दोनदा चुकीच्या जागी घातली. ताईने बाळ ठेवलं. पडदा कोरा. बाळ रडत होतं, पाय झाडत होतं, आणि माझा प्रोग्रॅम काही म्हणजे काही बोलत नव्हता. दहा सेकंद झाले. वीस झाले. हसरा पडद्याकडे बघत होता, अधीक्षक बाई पडद्याकडे बघत होत्या. फक्त ताई पायांकडे बघत होती. तिच्या बघण्याने मीही पायांकडे बघायला लागले, मग डॉक्टर, मग एकेक करत सगळेच. बाळाचं रडणं हळूहळू उतरलं. एक पाय थांबला. दुसरा जरा वेळ हवेत राहिला आणि मग तोही खाली आला. मी मनात मोजलं, एक, दोन, तीन, चार, आणि चिठ्ठी बाहेर आली.

“सतराशे पासष्ट,” ताई मोठ्याने म्हणाली.

“सतराशे पासष्ट,” जोडीदार नर्स म्हणाली.

डॉक्टरांनी फाइल ओढून घेतली. काल याच वेळी सतराशे ऐंशी होतं, ते म्हणाले. म्हणजे पंधरा ग्रॅम उतरलंय, दूध कमी पडतंय याला. मग त्यांनी टेबलावरची सरासरी बघितली आणि पुढचं जरा हळू बोलले. सरासरी घेतली असती तर सत्तावन्न ग्रॅम वाढलं असं दिसलं असतं. आपण सगळे खूश होऊन दूध आहे तितकंच ठेवलं असतं.

मग ताईने सही केली.

अधीक्षक बाईंनी तिन्ही चिठ्ठ्या गोळा करून घेतल्या. म्हणाल्या की या वॉर्डात जुनंच चालू राहू दे, बाकी वॉर्डांचं हॉस्पिटलच्या समितीपुढे ठेवू. ताईच्या तळमजल्याचा विषय निघाला नाही, आणि त्याबद्दल माफीही कुणी मागितली नाही. हसऱ्याने वायर गुंडाळली, ट्रेमधलं घड्याळ हातात घातलं. दारात थांबून त्याने मला अगदी प्रामाणिकपणे विचारलं, मॅडम, हे तुम्ही आम्हाला आधीच का नाही सांगितलं? मी म्हणाले, तुम्ही काढून टाकायच्या आधी का नाही विचारलं? हे जोरात म्हणायला मला बरं वाटलं. पण घरी येईपर्यंत त्याचा प्रश्न चपलेतल्या खड्यासारखा टोचत राहिला. त्याच संध्याकाळी मी प्रोग्रॅम उघडला आणि ताईच्या ओळीखाली दुसरी ओळ लिहिली. ‘बाळ हलतं. आकड्याकडे बघू नये, पायांकडे बघावं. पाय दिसत नसतील तर थांबावं.’ अकरा वर्षांनी.

दोन महिन्यांनी कंपनीने नवी घोषणा केली. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये आता एक क्रांतिकारी सोय आली होती. बाळ स्थिर होईपर्यंत तो वाट बघतो. तिला त्यांनी तीन शब्दांचं भारदस्त नाव दिलं होतं आणि हसऱ्याचा फोटो छापला होता, मागे तीच रोपटी. नवऱ्याने बातमी मला वाचून दाखवली आणि माझ्यापासून जरा लांब जाऊन बसला. पण मला हसू फुटलं. मी त्यांचं झाकण उघडलं. उघडं ठेवावंच लागतं त्यांना, माझी अटच आहे ती. आत त्यांच्या इस्त्री केलेल्या ओळींच्या मधे माझी ओळ होती, जशीच्या तशी, आणि शेजारी टीप. ‘ताई थांबते तितकं थांब.’ एकदा हात पोळल्यावर तिला बोट लावायची कुणाची छाती झाली नव्हती. चारशे हॉस्पिटलांत आता काटे ताईइतके थांबत होते.

मग गेल्या आठवड्यात त्यांचा मेल आला. सुरुवातीला आभार, अर्थात. खालची, कारणाची ओळ अत्यंत उपयुक्त आहे. वरच्या ओळीतला व्यक्तिगत उल्लेख मात्र व्यावसायिक दर्जाला धरून नाही, ठिकठिकाणचे इंजिनिअर या बाई कोण म्हणून विचारतात. आमच्या बाजूने काढला तरी तुमच्या सुधारणा घेताना तो दर वेळी परत येतो. तरी मूळ प्रतीतच तो बदलून द्यावा ही नम्र विनंती.

मी दुकानातूनच ताईला फोन लावला. तिने उचलला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, थांब जरा. मी फोन कानाला धरून थांबले. पलीकडे एक बाळ टाहो फोडत होतं. ते हळूहळू निवलं. मग शांतता, आणि मला सवयच झालीय, मी मोजलं. ताईचा आवाज आला, दोन हजार चाळीस. दुसरा आवाज आला, दोन हजार चाळीस.

“हं, बोल,” ताई म्हणाली.

मी तिला मेल वाचून दाखवला. ती ऐकत होती. मागे कुणाला तरी चादर बदलायला सांगत होती.

“ते थांबायचं तर काढत नाहीयेत ना?” तिने विचारलं.

नाही, मी म्हणाले, फक्त तुला काढतायत.

“मग काढू दे की. मला कुठे जाऊन ते वाचायचंय?”

“तुला चालेल. मला चालणार नाही,” मी म्हणाले.

ती हसली आणि तिने फोन ठेवला, तिला पुढचं बाळ घ्यायचं होतं. मी टी-शर्टने हात पुसले, चष्मा नाकावर नीट बसवला आणि समितीने शिकवलं होतं तसं उत्तर लिहिलं.

‘धन्यवाद. नाही.’